रेडॉन, घरे आणि काउंट्या

रेडॉन हा रंग, वास, चव नसलेला किरणोत्सारी वायू. मातीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून तो तयार होतो, जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो आणि तळघरात साचतो. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे धूम्रपानाखालोखालचे कारण तोच मानला जातो. मिनेसोटा राज्यातील ८५ काउंट्यांमधल्या ९१९ मोजण्यांवर अँड्र्यू गेलमन आणि जेनिफर हिल यांनी २००७च्या आपल्या पाठ्यपुस्तकात बहुस्तरीय समाश्रयण, म्हणजे रिग्रेशन, उलगडून दाखवले.

या माहितीत दोन थर आहेत. मोजणी तळघरात झाली की तळमजल्यावर, ही घरागणिक बदलणारी गोष्ट; मातीतले युरेनियम मात्र काउंटीगणिक एकच. अडचण नमुन्याची. काही काउंट्यांत शंभराहून अधिक घरे मोजली गेली, तर लॅक की पार्ल काउंटीत फक्त दोन, आणि दोन्हींत रेडॉन भरपूर. प्रत्येक काउंटीची वेगळी सरासरी काढली, तर या दोन घरांच्या जोरावर ती काउंटी यादीत सर्वांत वर जाते. सगळी घरे एकत्र केली, तर काउंट्यांमधला खरा फरकच पुसला जातो. दोन्ही उत्तरे लोकांच्या आरोग्याच्या दृष्टीने वाईटच.

बहुस्तरीय प्रारूप यातून मार्ग काढते. प्रत्येक काउंटीला स्वतःची आधारपातळी मिळते, पण या सर्व पातळ्या एकाच वितरणातून आल्या आहेत असे गृहीत धरले जाते. लॉगॅरिदमच्या मापात एकाच काउंटीतील घरांमधले प्रमाण विचलन सुमारे ०.७६ आणि काउंट्यांमधले ०.३३ निघते. त्यांच्या वर्गांचे गुणोत्तर पाचाच्या आसपास येते. म्हणजे पाच घरे मोजलेल्या काउंटीत स्थानिक आकड्यांना आणि राज्याच्या सरासरीला जवळपास सारखे वजन मिळते. दोनच घरे असतील तर स्थानिक आकड्यांचे वजन पावभर; शंभर असतील तर ते ९५ टक्क्यांच्या घरात. हे वजन संशोधक मनाने ठरवत नाही, ते माहितीतूनच निघते. पद्धतीचे खरे बळ इथे आहे. तळमजल्यावरचा रेडॉन तळघराच्या साधारण निम्मा, हेही त्याच गणितात कळते.

दुसऱ्या थरात या आधारपातळ्यांचेच युरेनियमवर समाश्रयण केले जाते. मग काउंट्यांमधले न उलगडलेले विचलन ०.१६ पर्यंत उतरते. आता कमी घरांची काउंटी राज्याच्या सरासरीकडे न झुकता, तिच्या मातीवरून अपेक्षित असलेल्या पातळीकडे झुकते. स्थानिक आकड्यांना या अपेक्षित पातळीइतकेच वजन मिळवायला बावीस-तेवीस घरे लागतात.

हे दोन थर न ठेवता युरेनियमचा आकडा ९१९ ओळींत उतरवून साधे समाश्रयण केले, तर ८५ ठिकाणांची माहिती ९१९ स्वतंत्र नोंदींसारखी भासते आणि निष्कर्षाची खात्री खोटी वाढते. प्रत्येक काउंटीसाठी वेगळा स्थिरांक घातला, तर युरेनियमचा परिणाम वेगळा काढताच येत नाही.

बहुस्तरीय पद्धतीलाही मर्यादा आहे: काउंट्यांसारखे गट चार-पाचच असतील, तर गटांमधले विचलन नीट अजमावता येत नाही. संगणक कधी ते थेट शून्य दाखवतो. अशा वेळी त्या विचलनाबद्दलचे पूर्वज्ञान बेझीय पद्धतीने प्रारूपात घालावे लागते.