क्लच घरीच बदलला, आता गाडी ओरडतेय? गिअर बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे तपासा

नांदेड/लातूर : नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणाऱ्या रस्त्यावर गॅरेजची कमी नाही. पण मुखेड-कंधारच्या डोंगरपट्ट्यातल्या तांड्यावर किंवा जळकोट तालुक्यातल्या आडगावात गाडीचा क्लच गेला, की ती ओढून नेण्यापासूनच खर्च सुरू होतो. त्यात सोयाबीनची रास झालेली असते, माल मोंढ्यावर न्यायचा असतो. मग गावातलाच एखादा जाणकार पोरगा, मोबाइलवरचा व्हिडिओ आणि पान्यांची पेटी यांच्या भरवशावर अंगणातच क्लच बदलला जातो. गाडी चालू होते, गिअर पडतो, सगळे खूश. आणि तेवढ्यात खालून आवाज येतो : किर्रर्र, खर्रर्र किंवा टकटक.

अशा वेळी दोन चुका होतात. कुणी "नवीन आहे, बसेल हळूहळू" म्हणून तशीच पळवतो, तर कुणी घाबरून सगळं पुन्हा खोलतो. खरं तर आवाज कोणत्या वेळी येतो यावरूनच तो कुठून येतो ते बरंचसं कळतं.

त्यासाठी आत काय घडतं ते समजून घ्यावं. पेडल सोडलेलं असताना क्लच प्लेट फ्लायव्हीलला घट्ट चिकटलेली असते, म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये असली तरी गिअर बॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतो. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पात्यांवर दाब देतं, प्लेट सुटते आणि शाफ्ट थांबतो. म्हणजे पाय वर असताना फिरणारे भाग वेगळे आणि पाय खाली असताना जोर येणारे भाग वेगळे.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. पुढे-मागे लेकरं, जनावरं नकोत आणि गाडीखाली तर कुणीच नको.

पाय नुसता टेकवून पेडल थोडंसं दाबताच किर्रर्र सुरू झालं, तर संशय रिलीज बेअरिंगवर. खेड्यात ही चूक सर्रास होते. प्लेट आणि प्रेशर प्लेट नवी आणतात, पण बेअरिंग "चांगलंच दिसतंय" म्हणून जुनंच बसवतात. त्याहून वाईट म्हणजे ते डिझेलमध्ये धुऊन काढतात. हे बेअरिंग बहुधा सीलबंद असतं. धुतलं की आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि चांगलं बेअरिंगही लवकरच कोरडं ओरडायला लागतं. बेअरिंगसाठी वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा गिअर बॉक्स उतरवताना दामदुपटीने जातात. कधी बेअरिंग नवं असतं, पण फोर्कची क्लिप नीट बसलेली नसते. तेव्हाही ते वाकडं चालून असाच आवाज करतं.

उलट, पाय वर असताना घरघर आणि पेडल पूर्ण दाबलं की शांत, असं होत असेल तर आवाज गिअर बॉक्सच्या आतला. इथं मात्र थांबायचं, गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवायची नाही. आधी गिअर ऑइल बघा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांत क्लच बदलताना ड्राइव्ह शाफ्ट काढावे लागतात. त्या वाटेने ऑइल वाहून जातं आणि घाईत भरायचं राहून जातं. बऱ्याच गाड्यांत गिअर बॉक्सच्या बाजूला लेव्हलचा बोल्ट असतो. इंजिन बंद करून तो काढल्यावर ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत दिसायला हवं. कोरडा चाललेला गिअर बॉक्स बघता बघता निकामी होतो आणि त्याच्यापुढे क्लचचा खर्च किरकोळ वाटतो. ऑइल बरोबर असूनही घरघर असेल, तर शाफ्टचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं. ते कदाचित आधीपासूनच वाजत असेल, जुन्या क्लचच्या गोंगाटात ऐकू येत नसेल.

पेडल पार तळाला गेल्यावर, गिअर टाकलेला असतानाच आवाज येत असेल तर पायलट बेअरिंग बघावं लागतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप, पिकअपसारख्या बऱ्याच गाड्यांत ते असतं, बऱ्याच छोट्या कारमध्ये नसतंच.

पेडल वर असो की खाली, इंजिनाच्या वेगाबरोबर घासल्यासारखा खसखस आवाज वाढतो, तेव्हा धीर धरा. इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मध्ये पातळ पत्र्याचं कव्हर असतं. गिअर बॉक्स चढवताना ते वाकतं आणि फ्लायव्हीलला घासतं. इंजिन बंद करून स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरा बाजूला केला, की काम झालं. याच कारणासाठी लोकांनी अख्खा गिअर बॉक्स पुन्हा उतरवलेला असतो! सेल्फचे बोल्ट, सायलेन्सरचा क्लॅम्प आणि गिअर बॉक्सचं फाउंडेशनही याच वेळी हाताने हलवून बघा. गाडी उचलताना "टक्क" असा एकच ठोका बसत असेल तर बहुधा यातलंच काहीतरी, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा मोठा नट किंवा प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट सैल असतात. नट-बोल्ट सैल असतील तर गाडी रस्त्यावर आणूच नका.

रिव्हर्स टाकताना खर्रर्र झालं की लगेच क्लचला दोष देऊ नये. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग गिअर टाका. तरीही दात घासत असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी केबलचं सेटिंग बघा. ऑइलवर चालणारा क्लच असेल तर त्यातली हवा काढा. एवढं करूनही फरक नाही आणि आतून घासल्याचाही आवाज आहे, तर प्लेट उलटी बसलेली असू शकते. स्प्रिंगचा फुगीर भाग साधारणपणे गिअर बॉक्सकडे असतो, आणि बऱ्याच नव्या प्लेटवर 'फ्लायव्हील साइड' असं इंग्रजीत छापलेलंही असतं. इथं पुन्हा खोलण्याशिवाय इलाज नाही.

पुन्हा खोलायचीच वेळ आली तर गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवून खाली शिरू नका. वीट दाबाखाली अचानक फुटते. पक्के लोखंडी स्टँड लावा, आणि गिअर बॉक्स झेलायला दुसरा माणूस किंवा दुसरा जॅक हवाच. तो शाफ्टवर लोंबकळला तर नवी प्लेट वाकते. आतली काळी भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसाला घातक आहे.

काहीच उलगडा होत नसेल तर हातातला मोबाइल कामाला लावा. एकजण पेडलवर बसून "पाय वर", "पाय खाली", "गिअर टाकला" असं मोठ्यानं बोलेल, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बोनेटजवळून व्हिडिओ काढावा. पंखा आणि बेल्टपासून हात, उपरणं, ओढणी लांब ठेवावी. हा व्हिडिओ ओळखीच्या मिस्त्रीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तर गाडी तालुक्याला ओढत न्यायची की पत्रा वाकवून भागेल, एवढं तरी तो घरबसल्या सांगू शकतो.