तण ओळखायचे असेल तर फुलासह दाबून वाळवा

शेतात नवे तण दिसले की मोबाइलवर फोटो काढून कृषी सहायकाला पाठवणे सोपे असते. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतेही. पण फोटोत लव्हाळा गवतासारखाच दिसतो आणि तो गवत नाही. फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवला तर त्याच्या तीन कडा हाताला लागतात. क्विझॅलोफॉप इथाईलसारखे फक्त गवतवर्गीय तणांवर चालणारे तणनाशक फवारले, तर लव्हाळा तसाच उभा राहतो. औषध आणि मजुरी दोन्ही वाया. म्हणून शंका असेल तेथे प्रत्यक्ष नमुना दाखवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलेले झाड दोन-तीन दिवसांत सडू लागते. कागदात दाबून वाळवलेले मात्र वर्षानुवर्षे टिकते.

नमुना घेताना

वनस्पतीची खात्रीशीर ओळख मुख्यतः फुला-फळांवरून पटते. त्यामुळे फुलोऱ्यावर आलेले, जमल्यास बी धरलेले झाड मुळासकट काढावे व माती झटकावी. केन्याच्या बाबतीत तर मूळ विसरूच नका. त्याला वरच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखालीही बारीक फुले येतात. वरची फुले दुपारपर्यंत कोमेजतात, म्हणून सकाळी दव उडाल्याबरोबर झाड घेऊन बांधावरच कागदात ठेवावे. गाजर गवत हाताळताना हातमोजे घाला. त्याने अनेकांच्या त्वचेला खाज सुटते.

दाबणे आणि वाळवणे

जुनी वर्तमानपत्रे चालतात, गुळगुळीत रंगीत मासिके नकोत, कारण ती ओल शोषत नाहीत. झाड कागदावर पसरून एक-दोन पाने उलटी ठेवावीत, म्हणजे खालची बाजूही दिसते. एखादे फूल उघडून ठेवावे. झाड लांब असेल तर तोडू नका, इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘एन’ अक्षरासारखे दुमडा. वर-खाली कागदांचे थर, त्यावर पुठ्ठा आणि सर्वांत वर फळी ठेवून विटांचे किंवा पाट्याचे वजन द्यावे.

खरी मेहनत यापुढे आहे. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदलावेत. हे टाळले की फूल काळे पडते आणि बुरशी येते. नमुने वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. काढलेले कागद उन्हात वाळवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वाळायला जास्त दिवस लागतात. केना आणि घोळ यांसारखी रसाळ तणे दाबल्यावरही काही दिवस जिवंत राहतात. त्यांची फुले बाहेर ठेवून खोड-पाने क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावीत, टिपून मग दाबावीत. साध्या तणाला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नमुना गालाला लावून पाहा. गार लागला तर ओल आहे.

वाळलेला नमुना जाड पांढऱ्या कागदावर (साधारण 42 बाय 29 सेंमी) पांढऱ्या डिंकाने किंवा दोऱ्याने बसवावा. चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडून सुटते. कोपऱ्यात पेन्सिलने तारीख, गाव, पीक, जमिनीचा प्रकार, झाडाची उंची लिहावी. फुलाचा रंग आणि चीक निघतो का, हे त्याच दिवशी लिहा, कारण वाळल्यावर निळे फूल फिके किंवा तपकिरी होते आणि चीक तर दिसतच नाही.

किडीसाठी नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतो. पूर्वी नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावत. ते जहाल विष आहे, घरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या तणविज्ञान तज्ज्ञांना दाखवावा. जाण्याआधी फोन करावा. शक्यतो एकाच तणाचे दोन नमुने करा. एक तिकडे राहिला तरी दुसऱ्यावर नाव लिहून गावातल्या इतरांना दाखवता येतो.