शितावरून भाताची परीक्षा

फुटबॉलच्या चाहत्याला वर्षाचे ऋतू दोनच: खेळ चालू असतो तो एक आणि खेळ बंद असतो तो दुसरा. इंग्लंडमध्ये लीगचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होतो. मधले दिवस चाहत्याला उपासाचे जातात. जुलैत संघ सरावासाठी जमतात, चार-पाच मैत्रीचे सामने खेळतात आणि उपाशी माणसापुढे ताट यावे तसे चाहते त्या सामन्यांवर तुटून पडतात. संघ जिंकला की ‘यंदा करंडक आपलाच’, आणि हरला की ‘यंदा काही खरे नाही’! लीगचा एकही सामना झालेला नसतो, पण निकाल लागलेला असतो.

या हंगामपूर्व सामन्यांवरून पुढच्या हंगामाचे भाकीत खरोखर करता येते काय? आणि येत नसेल, तर शहाणीसुरती माणसे दरवर्षी तेच का करतात? या दोन प्रश्नांचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन उन्हाळ्यांची हकीकत पाहू. २०१३-१४ च्या हंगामात मँचेस्टर युनायटेड हा मातब्बर संघ लीगमध्ये सातवा आला. प्रशिक्षक डेव्हिड मोयेस यांना हंगाम संपण्यापूर्वीच जावे लागले. त्यांच्या जागी आलेले लुई व्हान गाल यांनी नुकतेच २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सला तिसरे स्थान मिळवून दिले होते. त्यांच्या हाताखाली संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि पहिल्याच सामन्यात लॉस एंजल्स गॅलक्सीचा ७-० असा फडशा पाडला. रोमाला हरवले, इंटर मिलानला पेनल्टींवर हरवले. मिशिगनमध्ये १,०९,३१८ प्रेक्षकांसमोर रेआल माद्रिदला ३-१ असे नमवले आणि ४ ऑगस्टला अंतिम सामन्यात लिव्हरपूललाही त्याच फरकाने हरवून चषक घरी आणला. चाहत्यांना वाटले, वनवास संपला.

त्यानंतर बाराच दिवसांनी, १६ ऑगस्टला, घरच्या मैदानावर स्वान्सीने त्यांना २-१ असे हरवले. २६ ऑगस्टला लीग कपमध्ये मिल्टन कीन्स डॉन्स या तिसऱ्या श्रेणीतल्या संघाने तर ४-० असा धुव्वा उडवला. लीगमधला पहिला विजय मिळायला १४ सप्टेंबर उजाडला. अखेर संघ चौथा आला. ही प्रगतीच होती, पण जुलैत पाहिलेल्या स्वप्नाच्या मानाने फारच थोडी.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. २०१९ च्या जूनमध्ये लिव्हरपूल युरोपचा विजेता झाला. पण जुलैत अमेरिकेत तो संघ डॉर्टमुंडकडून हरला, सेव्हियाकडून हरला, लिस्बनच्या स्पोर्टिंगशी त्याने कशीबशी बरोबरी केली आणि पुढे एडिंबरामध्ये नापोलीने त्याला ३-० असे लोळवले. त्या उन्हाळ्यात क्लबने दोन कोवळी पोरे आणि एक राखीव गोलरक्षक यांपलीकडे फारशी खरेदीही केली नव्हती. घरसरण सुरू झाली, अशी शंका घ्यायला एवढे पुरेसे होते. प्रत्यक्षात काय झाले? लीगच्या पहिल्या २७ सामन्यांपैकी २६ जिंकले, एक बरोबरीत सुटला. ९९ गुण मिळवून लिव्हरपूलने तीस वर्षांनी लीगचे विजेतेपद पटकावले.

असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या तालमीत आहे. वस्ताद मोठ्या पैलवानाला एकामागून एक ताज्या दमाच्या पोरांशी कुस्त्या धरायला लावतो. दमलेला पैलवान शेवटी एखाद्या पोराकडून चीतही होतो. तेथे कोणी हलगी वाजवत नाही की पोराला फेटा बांधत नाही. कारण वस्तादाला त्या वेळी जय-पराजय पाहावयाचा नसतो. दम किती टिकतो, डाव कुठे अडतो, हे पाहावयाचे असते. हंगामपूर्व सामना ही अशी तालमीतली कुस्ती होय.

त्या दिवसांत खेळाडूंकडून मेहनत करवून घेतलेली असते, त्यामुळे सामन्यात पाय जड असतात. लीगच्या सामन्यात तेव्हा तीनच बदली खेळाडू घेता येत, आता पाच घेता येतात. मैत्रीच्या सामन्यात मात्र मध्यंतरानंतर अख्खा संघच बदललेला दिसतो. म्हणजे एका धावफलकावर वस्तुतः दोन निरनिराळ्या संघांचे गोल लिहिलेले असतात! शिवाय राष्ट्रीय संघांकडून खेळून आलेल्यांना उशिरा रजा मिळते. २०१९ मध्ये सालाह, माने, फिर्मिनो आणि गोलरक्षक अलिसन हे लिव्हरपूलचे चार खांब आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतील स्पर्धांमुळे त्या सामन्यांत नव्हतेच. उलट २०१४ मध्ये युनायटेडविरुद्ध रोनाल्डो अखेरचा थोडा वेळच मैदानावर होता. हरलेला लिव्हरपूल खरा लिव्हरपूल नव्हता आणि हरलेला माद्रिद खरा माद्रिद नव्हता.

भाकीत कधीकधी खेळाडूंच्या खऱ्या सामन्यांवरूनही चुकते. त्यासाठी इंग्लंडला जावयास नको. आपल्या घाटाखालच्या गोव्याकडे पाहिले तरी पुरे. ड्युरँड चषक हा काही मैत्रीचा सामना नव्हे, ती १८८८ पासूनची मानाची स्पर्धा आहे. परंतु २०२१ मध्ये ती इंडियन सुपर लीगच्या आधी झाली. ३ ऑक्टोबरला कोलकात्यात एफ.सी. गोवाने मोहमेडन स्पोर्टिंगला १-० असे हरवून पहिल्यांदाच तो चषक जिंकला. त्या स्पर्धेत लीगमधले सगळे संघ उतरले नव्हते आणि उतरलेल्यांपैकी सर्वांनी पूर्ण ताकद लावली नव्हती. नोव्हेंबरात लीग सुरू झाली तेव्हा गोव्याने पहिले तिन्ही सामने गमावले. डिसेंबरात प्रशिक्षक हुआन फेरांडो संघ सोडून गेले, आणि अकरा संघांत गोव्याचा क्रमांक नववा लागला.

शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण खोटी नाही. पण तिला एक अट आहे: भात त्याच पातेल्यातला आणि शिजत आलेला हवा. चुलीवर आधण ठेवले असतानाच शीत दाबून पाहिले तर ते टणकच लागणार.

मग चाहते मूर्ख आहेत काय? मला तसे वाटत नाही. हंगामापूर्वी गुणतालिकेत सर्वांपुढे शून्य असते आणि शून्यापुढे प्रत्येकाला आपापली आशा मांडता येते. त्यातून खेळाडूंची खरेदी-विक्री ऑगस्टअखेरपर्यंत चालू असते. तेव्हा ‘बचाव कच्चा आहे’ ही ओरड म्हणजे नुसते भाकीत नसते, ती क्लबच्या चालकांकडे केलेली मागणीही असते. पदरमोड करून वर्षाचे तिकीट काढणाऱ्याला तेवढा हक्क असलाच पाहिजे.

आणि कधीकधी त्या ओरडीत तथ्यही असते, फक्त ते गोलसंख्येत शोधावयाचे नसते. २०१४ च्या उन्हाळ्यात फर्डिनंड, व्हिडिच व एव्हरा हे युनायटेडचे तीन जुनेजाणते बचावपटू क्लब सोडून गेले होते. ल्यूक शॉ आणि कॅरिक जखमी होते. नवा प्रशिक्षक तिघा बचावपटूंची नवी रचना बसवत होता. ही माहिती चषकाच्या झगमगाटातही सर्वांसमोर होती. चषकाकडे न पाहता बचावाकडे पाहणाऱ्याला स्वान्सीचा धक्का थोडा सौम्य बसला असता.

तेव्हा असे सामने अवश्य पाहावेत, पण गोल मोजू नयेत. कोण कोणाशेजारी खेळतो, चेंडू गमावल्यावर संघ किती लवकर मागे येतो, कोणत्या जागेला दुसरा माणूसच नाही, हे पाहावे. आणि जुलैत चुकलेल्या एखाद्या पोराला निकामी ठरवण्याची घाई करू नये. चाचणी परीक्षेत नापास झालेले किती तरी विद्यार्थी वार्षिक परीक्षेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेले आपण याच महाविद्यालयात पाहतो. त्यांच्याविषयी चाचणीच्या दिवशीच कायमचे मत करून घेतलेले कोणाला आवडेल?