एक बशी नूडल्स

‘चायनीज’ हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. संध्याकाळ झाली की बेळगावातही गोबी मंचुरीच्या गाड्यांभोवती विद्यार्थ्यांची गर्दी दिसते. परंतु हे खाणे आपल्या देशात कोणी रुजविले, ते कसे बनते आणि ते रुजविणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्यासाठी कोलकात्याच्या टिरेटा बाजार आणि टांग्रा या दोन वस्त्यांकडे वळावे लागते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आच्यू नावाच्या एका चिनी गृहस्थाला वॉरन हेस्टिंग्जने बजबजजवळ हुगळीकाठी जमीन दिली. तेथे त्याने साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही आचीपूर म्हणतात. पुढे दक्षिण चीनमधून कँटनी सुतार आले, हाक्का लोक आले. हाक्कांनी चामडे कमावण्याचा आणि जोडे शिवण्याचा धंदा धरला. टांग्रा ही त्यांचीच वस्ती. तेथील चामड्याच्या कारखान्यांच्या शेजारीच साधी उपाहारगृहे निघाली. तेव्हा ‘हाक्का नूडल्स’ मधला हाक्का हा मसाला नव्हे. ते एका समाजाचे नाव आहे.

अशा उपाहारगृहात बशीत येते ते काय? नूडल्स गव्हाच्या पिठाचे असतात. पीठ मळताना त्यात अंडे किंवा क्षाराचे पाणी घालतात. आपल्या पापडखाराचाच हा भाऊबंद! क्षाराने पिठातील चिकटपणा घट्ट होतो, त्यामुळे नूडल्स ताणले तरी चटकन तुटत नाहीत. शिवाय पिठाला पिवळसर छटा येते. ते किंचित कच्चे असतानाच उकळत्या पाण्यातून काढून निववतात. मग खोलगट लोखंडी कढईत मोठ्या आचेवर भाज्यांबरोबर परततात. सारे बारीक चिरलेले असल्याने काम दोन-चार मिनिटांत होते, इंधन कमी लागते आणि भाजी कुरकुरीत राहते.

बरोबरचे मांस बहुधा डुकराचे असते. चिनी भाषेत नुसते ‘मांस’ म्हटले तरी डुकराचेच समजतात, आणि ‘घर’ या अर्थाच्या अक्षरात छपराखाली डुक्कर काढलेले असते! उष्ट्या-खरकट्यावर वाढणारे हे जनावर लहान शेतकऱ्याला परवडणारे होते. कँटनी पद्धतीत मांसाच्या लांब पट्ट्या सोया सॉस, मध व मसाल्यांत मुरवून आकड्याला टांगून भाजतात. त्यांच्या लालसर, गोडसर चकत्या नूडल्सवर मांडतात. कोणी काय खावे हा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीचा प्रश्न आहे. पण त्यामागचे कारण समजून घ्यायला कोणाचीच हरकत नसावी.

आता या माणसांविषयी. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, बंगाल इत्यादी भागांतील चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातील देवली येथील छावणीत डांबण्यात आले. त्यांत म्हातारेकोतारे होते, शाळकरी मुले होती. कित्येकांचा जन्म याच देशातला. गुन्हा एकच, चेहरा आणि आडनाव. सुटून आल्यावर अनेकांना ना घर सापडले ना दुकान. पुष्कळांनी कॅनडाची वाट धरली. १९९६ साली प्रदूषणाच्या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने चामड्याचे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला आणि टांग्रातील जुना धंदाही गेला. मागे उरली ती मुख्यतः उपाहारगृहे आणि काही कुटुंबे. टिरेटा बाजारात सकाळी मांस भरलेले वाफाळते पाव विकणारे चिनी विक्रेते आता मोजकेच राहिले आहेत.

पदार्थ मात्र देशभर पसरले. त्यांना आपण आपले तिखट दिले, आपली नावे दिली, गाडीवर जागा दिली. जे अन्न इतक्या सहज आपले झाले, ते घेऊन आलेली माणसे चार पिढ्यांनंतरही परकी ठरली. एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे असण्याने माणसाचे काय होते, हे सीमाभागात वाढलेल्या आपणांस निराळे सांगायला नको. पुढच्या वेळी बशी हातात येईल तेव्हा एवढे तरी आठवावे.