छोट्या कंत्राटदाराचे संकेतस्थळ

मृगाचा पाऊस तोंडावर आला की शाकारणीला माणूस मिळत नाही, अशी तक्रार जोयडा तालुक्यातील घरमालक करतात. उलट, पाऊस लागला की हाताला काम राहत नाही, अशी तक्रार कौले परतणारा कारागीर करतो. गवंडी, सुतार, नळकाम करणारा, विजेच्या तारा ओढणारा, या सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. याचे एक कारण असे की, काम देणारा आणि काम करणारा यांची वेळेवर गाठ पडत नाही.

आपला तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बहुतांश जंगलाचा. पूर्वी मेस्त्रीचे नाव एका घरून दुसऱ्या घरी तोंडी जाई व तेवढ्यावर त्याचे भागत असे. आता गणेशगुडीच्या आसपास पाहुण्यांसाठी घरे बांधणारा मालक पुष्कळदा बेळगाव, हुबळी, पणजी किंवा बेंगळुरूचा असतो. त्याला आपल्या मेस्त्रीचे नाव कोण सांगणार? तो हातातील फोनला विचारतो. तेथे स्थानिक माणसाचे नाव नसेल, तर काम शहरातील कंत्राटदाराकडे जाते, आणि आपला मेस्त्री त्याच्याच हाताखाली रोजावर राबतो. कसब तेच असते, पण मक्ता दुसऱ्याचा होतो. म्हणून छोट्या कंत्राटदाराने स्वतःचे संकेतस्थळ उभारावे की काय, हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही.

ही विद्या मूळची कोणा व्यापाऱ्याची नव्हे. जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली तिची कल्पना मांडली, आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती कोणतेही शुल्क न घेता सर्वांना खुली केली. त्यामुळे आपले पान जगापुढे मांडण्यास कोणाचा परवाना लागत नाही.

संकेतस्थळाचे तीन भाग असतात. पहिला भाग नावाचा. हे नाव, म्हणजे डोमेन, नोंदणीदाराकडून वर्षाच्या बोलीने घ्यावे लागते, आणि एका वेळी फार तर दहा वर्षांची मुदत मिळते. शेवटी ‘इन’ असलेले नाव आपल्या देशाचे. देवनागरीत ‘भारत’ असा शेवट असलेली नावेही २०१४ पासून मिळू लागली आहेत. दुसरा भाग जागेचा, म्हणजे आपली पाने जेथे ठेवली जातात त्या सर्व्हरवरील होस्टिंगचा. तिसरा भाग खुद्द पानांचा. पान म्हणजे साधा मजकूर. त्यात हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा केलेल्या असतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. निबंध लिहिता येणाऱ्या दहावीच्या मुलाला त्यातील प्राथमिक भाग थोड्या दिवसांच्या सरावाने जमतो. कंत्राटदाराला चार पानांहून अधिक काही लागत नाही.

या पानांवर काय असावे? आपण कोणते काम करतो आणि कोणते करीत नाही, हे प्रथम सांगावे. मग रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा, उळवी, कॅसलरॉक यांपैकी कोठवर कामाला जातो, ते गावांच्या नावांनिशी लिहावे. कारण शोधणारा माणूस गावाचे नाव घालूनच शोधतो. दर चौरस फुटावर, ब्रासवर की रोजावर, माल कोणाचा, आणि कोणत्या परवानग्या मालकाने आणावयाच्या, हे आधीच स्पष्ट असले की पुढचे अनेक तंटे टळतात. केलेल्या कामांची छायाचित्रे द्यावीत व त्याखाली महिना, वर्ष आणि कामाचा तपशील लिहावा. मालकाची संमती घेतल्यावाचून त्याच्या घराचे चित्र देऊ नये. दुसऱ्याच्या कामाचे चित्र तर मुळीच देऊ नये.

मजकूर मराठीत, कानडीत व इंग्रजीत असावा. शेजारी, सरकारी कचेरी आणि दूरचा मालक यांची वाचण्याची सोय निरनिराळी आहे. मात्र तो यूनिकोड अक्षरांत टंकलेला हवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रंगीत जाहिरातीचे नुसते चित्र चिकटवले, तर त्यातील गावाचे नाव शोधयंत्राला सापडेलच असे नाही. चित्रांचा भारही सांभाळावा. फोनवरचे एक छायाचित्र सहज चार एमबीचे भरते. अशी वीस चित्रे म्हणजे ऐंशी एमबी. आपल्याकडील अशक्त नेटवर्कवर ते पान उघडण्यापूर्वीच गिऱ्हाईक कंटाळून जाईल. तीच चित्रे प्रत्येकी दोनशे केबीपर्यंत आणली, तर सगळा भार चार एमबीवर येतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संकेतस्थळ कोणीही बांधून देवो, त्याचे नाव कंत्राटदाराच्या स्वतःच्या नोंदीवर असले पाहिजे. पुष्कळदा शहरातील एखादा तरुण सारे काही आपल्याच नावावर घेतो. पुढे तो नोकरीनिमित्त निघून जातो, मुदत संपते, आणि वर्षानुवर्षे जमलेली ओळख एका दिवसात नाहीशी होते. फुकट जागेवरही सर्वस्वी विसंबू नये. गूगलने व्यवसायांच्या नोंदीबरोबर साधी संकेतस्थळे विनामूल्य देऊ केली होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. गूगलच्या नकाशावरील नोंद अवश्य करावी, पण गिऱ्हाइकाला सांगावयाचा पत्ता आपला असावा.

पत्ता हरवणे म्हणजे काय, हे या तालुक्याला समजावून सांगण्याची गरज नाही. सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, आणि अनेक कुटुंबांना रामनगरला नव्याने घरे मांडावी लागली. तेथे माणसांच्या हाती काही नव्हते. येथे मात्र आहे. नावाची नोंद आपल्या ईमेलवर व आपल्या फोन क्रमांकावर करावी. परवलीचा शब्द आणि मुदतीची तारीख हिशेबाच्या वहीत लिहून ती वही घरातील विश्वासू माणसाच्या हवाली ठेवावी, आणि पानांची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मग होस्टिंग देणारा बदलला तरी तेच नाव नव्या जागेवर नेता येते, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

संकेतस्थळ असल्याने वाकडी भिंत सरळ होणार नाही, किंवा गळके छप्पर गळायचे थांबणार नाही. परंतु ज्याचे काम चोख आहे, त्याचे नाव काम देणाऱ्यापर्यंत थेट पोहोचेल आणि मधल्या माणसाचा वाटा त्याच्या घरी राहील. पावसाळ्याचे रिकामे महिने या उद्योगाला उत्तम. तेव्हा चार पाने लिहून ठेवली, तर पुढच्या शाकारणीच्या वेळी घरमालकाला आपल्या कारागिराचा शोध लागायला हरकत नाही.