स्टेंट बसला, तरी गोळी सोडू नका

अँजिओप्लास्टी झालेला माणूस दोन-चार दिवसांत घरी येतो. छातीतली कळ गेलेली असते, जिना चढता येतो. शेजारीपाजारी भेटायला येतात आणि कुणीतरी सहज म्हणतं, "आता स्प्रिंग बसली ना? मग एवढ्या गोळ्या कशाला?" प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर समजून घेतलं नाही, तर जिवाशी गाठ पडू शकते.

बोट कापलं की रक्तातल्या प्लेटलेट नावाच्या बारीक कणिका जखमेपाशी धावतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्त थांबतं. हा शरीराचा चांगला गुण. पण स्टेंट म्हणजे धातूची जाळीदार नळी. रक्ताला ती परकी वाटते, आणि तिच्यावरही प्लेटलेट चिकटू लागतात. तिथं गुठळी धरली, तर रक्तवाहिनी एकाएकी बंद होते आणि हृदयविकाराचा मोठा झटका येतो. असं क्वचित घडतं. पण घडलं की फार गंभीर असतं.

हृदयाच्या रक्तवाहिनीत पहिले स्टेंट १९८६ साली फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये बसवले गेले. गुठळीची भीती तेव्हापासूनच होती. सुरुवातीला रक्त पातळ करणारी जबर औषधं देत. त्यांनी रक्तस्राव होई, आणि गुठळ्याही पुरत्या टळत नसत. पुढे १९९०नंतरच्या दशकात असं दिसून आलं, की ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला प्लेटलेटना आवरणारं दुसरं औषध दिलं, तर काम अधिक चांगलं होतं. आज ही दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर यांपैकी एक असते.

ही जोडी किती दिवस घ्यायची? रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हळूहळू स्टेंटवर वाढतं आणि धातू झाकला जातो. तोवर पहारा हवा. पहिला महिना तर सर्वांत जोखमीचा. आजच्या औषध लावलेल्या स्टेंटमुळे वाहिनी पुन्हा अरुंद होणं कमी झालं, पण तेच औषध अस्तराची वाढही मंदावतं. म्हणून झटक्यानंतर स्टेंट बसवला असेल तर साधारण १२ महिने, एरवी सुमारे ६ महिने दोन्ही गोळ्या देतात. रक्तस्रावाचा धोका असेल, तर डॉक्टर ही मुदत कमी करतात. पुढेही एक गोळी बहुधा चालूच राहते.

घोटाळा होतो तो लहानसहान निमित्तानं. दाढ काढायची असते, प्रवासात गोळ्या संपतात, किंवा "बरं वाटतंय" म्हणून आपणच बंद करतो. दाढेचं रक्त बोळा दाबून बहुधा थांबवता येतं. हृदयातली गुठळी तशी काढता येत नाही. तेव्हा दातांच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. शौचाला काळं होऊ लागलं किंवा रक्त पडलं, तर त्याच दिवशी त्यांना दाखवा. आणि छातीत पुन्हा कळ आली, घाम सुटला, दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका. तडक इस्पितळ गाठा.