आधी राजाचा थाट, मग दारावर थाप: बाखचा ॲडव्हेंट कंटाटा कसा ऐकावा?

ख्रिसमसच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट, मराठीत आगमनकाळ. गोव्यातल्या चर्चमध्ये वेदीवर जांभळं वस्त्र आलं की हा काळ लागला, असं समजायचं. हा काळ वाट पाहण्याचा. पण ज्याची वाट पाहायची तो येणार कसा? राजासारखा की पाहुण्यासारखा? जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने एका कंटाटात या प्रश्नाची दोन्ही उत्तरं दिली आहेत.

कंटाटा म्हणजे काय?

कंटाटा म्हणजे उपासनेच्या वेळी वाद्यांच्या साथीने गायची सलग रचना. त्यात कोरस असतो, एकट्याने गायची गाणी असतात आणि बोलल्यासारखे गायचे भागही असतात. 'नुन कोम, डेर हायडेन हायलांड' हा बाखच्या यादीतला ६१ क्रमांकाचा कंटाटा. भाग सहा, वेळ साधारण पंधरा-सोळा मिनिटं. २ डिसेंबर १७१४ रोजी, ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी, वायमारच्या राजवाड्यातल्या चर्चमध्ये तो पहिल्यांदा गायला गेला. बाख तेव्हा २९ वर्षांचा होता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याला बढती मिळाली होती आणि दर महिन्याला एक नवा कंटाटा द्यायचं काम अंगावर आलं होतं.

जुनी चाल, दरबारी थाट

यातलं मूळ स्तोत्र बाखचं नाही. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी ते लॅटिनमध्ये रचलं आणि मार्टिन ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मनमध्ये आणलं. चर्चमध्ये येणाऱ्या लोकांना ही चाल तोंडपाठ होती.

बाखने ही ओळखीची चाल फ्रेंच 'ओव्हर्चर'मध्ये बसवली. आधी संथ आणि झटके देत जाणारी लय, मध्ये वेगवान भाग, शेवटी पुन्हा संथ, असा त्याचा साचा. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या दरबारातला हा प्रकार. म्हणजे राजाच्या स्वागताचं संगीत चर्चमध्ये आलं. स्तोत्राची पहिली ओळ चार आवाज एकामागून एक घेतात. सगळं जग चकित होतं, या अर्थाची तिसरी ओळ येते तेव्हा लय अचानक धावू लागते.

आणि मग थाप

खरी गंमत चौथ्या भागात आहे. दरबारी थाट संपलेला असतो. वादक गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात: टक, टक, टक. त्यावर खर्जातला एकच आवाज बायबलच्या 'प्रकटीकरण' पुस्तकातलं वचन गातो. मी दाराशी उभा राहून थाप देतो आहे, असा त्याचा आशय. हा भाग अवघ्या दहा मापांचा, पण विसरता येत नाही. राजा आला खरा, पण दार मोडून आत शिरला नाही. उघडायचं की नाही, हे घरातल्यानेच ठरवायचं.

पुढच्या गाण्यात उत्तर मिळतं. सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीतला आवाज, स्वतःच्या मनालाच 'उघड' म्हणतो. साथीला फक्त खालच्या सुरांची वाद्यं. शेवटचा कोरस छोटासा. त्यात व्हायोलिन चढत चढत पार वर जातं.

त्यानंतर शांतता

बाख पुढे लाइपझिगला गेला आणि २८ नोव्हेंबर १७२३ रोजी हाच कंटाटा तिथे पुन्हा झाला. तिथली रीत मात्र कडक. ॲडव्हेंटच्या पहिल्या रविवारी कंटाटा व्हायचा. पुढचे तीन रविवार बंद, ते थेट ख्रिसमसपर्यंत. वायमारमध्ये त्या रविवारांसाठी लिहिलेल्या रचना बाखला बदलून दुसऱ्या दिवसांसाठी वापराव्या लागल्या.

त्यामुळे लाइपझिगच्या लोकांना दारावरची ती थाप ऐकून घरी जायचं आणि तीन आठवडे थांबायचं, एवढंच उरायचं. हा कंटाटा आजही ॲडव्हेंटमध्ये जगभर गायला जातो. इंटरनेटवर ऐकायला घेतलात तर सुरुवातीच्या थाटावर थांबू नका. चौथा भाग येऊ द्या.